एक्स-शोरूम किमतीस हरकत

मोटारीच्या किमतीविरुद्ध रीतसर लेखी हरकत घेणारा आमच्या तालुक्यातला पहिला अर्जनवीस मीच असावा. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. फेरफार, वारसनोंद, पाणंद रस्ता, पीकविमा, रेशनकार्डातून गळालेले नाव, धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरून सरकवणारा शेजारी, अशा सर्व विषयांवर मी गेली पंचवीस-तीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शाळा नववीत सुटली, लिहिणे मात्र सुटले नाही. पूर्णेच्या तहसील कचेरीसमोर, स्टँप विक्रेत्याच्या टपरीला लागून माझे टेबल आहे. तहसीलदार बदलतात, टेबल तेथेच असते.

ज्या वृद्ध गृहस्थांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्यांना मी उस्ताद म्हणत असे. निजामाच्या अमदानीतली कचेरीची उर्दू त्यांच्या जिभेवर शेवटपर्यंत होती. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, अर्जात राग दिसू नये, मुद्दा दिसावा. दुसरी, ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला नक्की माहीत नाही तो समोरच्यालाही नक्की माहीत असेल असे धरून चालू नये. या दुसऱ्या शिकवणीचा उपयोग मला परभणीच्या मोटारींच्या शोरूममध्ये झाला, आणि तोही माझ्या थोरल्या बहिणीसाठी.

तिला आम्ही सर्वजण आक्का म्हणतो. ती चुडाव्याजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. अंगाने किरकोळ आहे, पण ट्रॅक्टरवर बसली की नांगराची तासे दोरीत काढते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने परभणीला मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून लायसन काढले. त्या वेळी गावात बरेच हसणे झाले. लायसन आले, पण मोटार नव्हती. ते लायसन दीड वर्ष तिच्या पेटीत इरकली लुगड्यांच्या घडीखाली पडून होते.

मोटार तिला मिरवायला नको होती. तिची एकुलती लेक राणीसावरगावला दिलेली आहे. आमच्या बाजूने तेथे जायचे म्हणजे चुडाव्याहून पूर्णा, पूर्णेहून परभणी, परभणीहून गंगाखेड आणि तेथून जीप. सकाळी निघालेला माणूस दुपारनंतर पोचतो, म्हणजे मुक्काम आलाच. आणि आक्काला मुक्काम करता येत नाही, कारण तिच्या गोठ्यातली एक म्हैस तिच्याशिवाय कोणाच्याही हाताला पान्हवत नाही. दाजींनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, एकदा आक्काचे लुगडे डोक्यावर घेऊन धार काढून पाहिली. म्हशीने त्यांना ओळखले आणि लाथही मारली. त्यामुळे लग्न होऊन दोन वर्षे झाली तरी आक्का लेकीच्या घरी दोनदाच जाऊ शकली होती. ताडकळस, पालम असा सरळ रस्ता धरला तर स्वतःच्या मोटारीने सकाळी जाऊन संध्याकाळच्या धारेला परत येता येते, हा हिशोब तिने मनाशी केव्हाच मांडून ठेवला होता.

दाजी मनाने चांगले, पण शब्दाला फार घट्ट. हळदीच्या विक्रीची पट्टी आली त्या दिवशी पारावर चार माणसांत त्यांनी जाहीर करून टाकले, "मोटारीला सात लाख. त्याच्या वर एक रुपया न्हाई. सातात बसली तर मोटार, न्हाई बसली तर ट्रॅक्टरला नवी ट्रॉली अन् गोठ्यावर पत्रे." चार माणसांत बोललेला शब्द दाजी स्वतःही मागे घेऊ शकत नाहीत. तो त्यांच्या ताब्यातच राहत नाही.

मग दोघे परभणीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी, कचेरी उघडायच्या आधीच, आक्का माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पदराखालून तिने घडी घातलेला कागद काढला.

"हे वाच."

"इंग्रजीत हाय की हे."

"म्हणून तर तुझ्याकडं आणलंय. मला सगळं वाचता येतंय म्हणून गावभर सांगत फिरतूस ना?"

इंग्रजी अक्षरे मला येतात. सरकारी योजनांची नावे हल्ली इंग्रजीतच असतात, तेव्हा ती यावीच लागतात. कागद म्हणजे शोरूमने दिलेले दरपत्रक होते. वरच्या ओळीत एक आकडा, त्याखाली एकेक करीत आठ-नऊ रकमा, आणि तळाशी सात लाख एक्केचाळीस हजार.

"एक्केचाळीस हजारानं अडली बघ माझी मोटार," आक्का म्हणाली. "ते तर आताच ट्रॉलीवाल्याला फोन लावायलेत."

"काही कमी करतो म्हणाले का शोरूमवाले?"

"पोरगी गोड बोलती. 'मॅडम, हा फिक्स रेट आहे' म्हणती. मॅडम म्हणल्यावर माणसाला भांडता बी येत न्हाई."

"आक्का, तू जा घरी. भांडण कागदावर करायचं असतंय," मी म्हणालो. "फी घेणार न्हाई. कागदाचे तेवढे वीस रुपये दे."

"भाऊ हायस का सावकार?"

नात्यात मी मेहनतीचे पैसे घेत नाही, पण कागद मला स्टँप विक्रेत्याकडून विकत घ्यावा लागतो, आणि तो माझ्या नात्यातला नाही. हे तिला समजावून सांगेपर्यंत तिने तीस रुपये टेबलावर ठेवले होते आणि दहा परत मागितले होते.

मग मी ते दरपत्रक पुढे ठेवून विचारास बसलो. वरच्या ओळीत 'एक्स-शोरूम प्राइस' असे लिहिलेले होते. प्राइस म्हणजे किंमत, शोरूम म्हणजे शोरूम. राहिला 'एक्स'. एक्स-सर्व्हिसमन म्हणजे माजी सैनिक. त्यांच्या जमीनवाटपाचे अर्ज मी अनेक लिहिले आहेत. त्या न्यायाने ही शोरूमची माजी किंमत झाली. परंतु माजी किंमत आजच्या तारखेच्या कागदावर कोणी कशासाठी लिहील? तो अर्थ मी बाजूला ठेवला. दुसरा अर्थ मला कोर्टाच्या भाषेत मिळाला. एका पक्षकाराचे म्हणणे न ऐकता दिलेल्या निकालाला वकील लोक 'एक्स-पार्टी' म्हणतात. उस्ताद त्यालाच यकतर्फा म्हणत. तो लावून पाहिला आणि सगळे जुळले. शोरूमने ग्राहकाचे म्हणणे न ऐकता एकतर्फी ठरविलेली किंमत ती एक्स-शोरूम किंमत. आणि दुसरी बाजू न ऐकता दिलेला एकतर्फी निकाल रद्द करून घेता येतो, एवढा कायदा तहसीलसमोर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो.

अर्ज लिहायला मला सकाळचा सगळा वेळ लागला. दोन गिऱ्हाइके मी परत पाठवली. विषय असा लिहिला: 'एकतर्फी (एक्स) ठरविलेल्या किमतीस हरकत घेऊन फेरसुनावणी मिळणेबाबत'. पुढे मुद्दा क्रमांक एक, सदर किंमत ठरविताना अर्जदारास नोटीस अथवा म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आलेली नाही. मुद्दा क्रमांक दोनपासून सातपर्यंत दरपत्रकातील एकेक रक्कम घेऊन, ती कोणत्या आधारे लावली याचा खुलासा मागितला. सातव्या मुद्द्यावर मी विशेष कडक झालो. 'चॉईस नंबर' नावाने साडेआठ हजार रुपये लावलेले होते. मी लिहिले, 'गाडीस क्रमांक देणे हे शासनाचे काम असता, त्यात शोरूमने स्वतःची आवडनिवड घालून गरीब शेतकऱ्यावर भुर्दंड टाकणे हे निव्वळ लुबाडणुकीचे असून त्याचा अर्जदार तीव्र निषेध करीत आहे.' उस्तादांनी राग दिसू नये म्हटले होते, पण निषेध हा राग नव्हे.

अर्जदार म्हणून दाजींचे नाव घातले, त्यांची सही घेतली. त्यांनी अर्ज न वाचताच सही केली. माझ्या अक्षरावर त्यांचा भरवसा आहे.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळून आम्ही तिघे परभणीला गेलो. शोरूम मोठ्या रस्त्यावर आहे, सगळीकडून काच. आत गारवा असा की बाहेरचे ऊन एखाद्या चित्रातले वाटावे. आक्काला मॅडम म्हणणारी विक्री प्रतिनिधी मुलगी लगबगीने पुढे आली. मी तिच्या हातात अर्ज दिला आणि दुसरी प्रत पुढे करून म्हणालो, "यावर पोच द्या."

"पोच म्हणजे काय, काका?"

"अर्ज मिळाला म्हणून शिक्का आणि सही. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, ते पत्र असते."

ती गोंधळली. आवक-जावक नोंदवही त्यांच्याकडे नव्हती. अखेर टेबलाच्या खणात शोधून तिने एक शिक्का काढला आणि माझ्या प्रतीवर उमटवला. वाचतो तर निळ्या शाईत 'डिलिव्हर्ड' असे आले. त्यांच्याकडे तेवढा एकच शिक्का होता.

दाजींनी वाकून पाहिले. "काय म्हणतोय शिक्का?"

"दिली म्हणतोय."

"काय दिली?"

"मोटार."

"मेव्हणे, लयच जोर हाय की तुमच्या अर्जात!" दाजी म्हणाले. ती मुलगी तोंडावर हात धरून आत मॅनेजरना बोलवायला गेली.

मॅनेजर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले, शांत गृहस्थ होते. आम्हाला खुर्च्या दिल्या, कागदी पेल्यांत चहा मागवला, आणि अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाशी त्यांचा आवाज बदलला. त्यांनी वर पाहिले.

"हा अर्ज कोणी लिहिला?"

"मी," मी सांगितले आणि किंचित पुढे सरकलो.

"एक्स म्हणजे एकतर्फी, असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हणणं नाही, अर्थ आहे."

"अहो, एक्स-शोरूम म्हणजे गाडी शोरूमच्या बाहेर पडताना जी किंमत असते ती. तिच्यात सरकारचा रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा धरलेला नसतो. ते सगळं मिळवलं की होते ती ऑन-रोड."

खोटे सांगत नाही, तो अर्थ मला बरा वाटला. परंतु सुनावणीच्या पहिल्याच मुद्द्यावर मागे हटणाऱ्याचे पुढचे मुद्दे कोणी ऐकत नाही.

"तुमचा अर्थही ग्राह्य धरता येईल," मी म्हणालो. "पण ही किंमत ठरवताना आमच्या दाजींना विचारलं होतं का?"

"नाही, तसं कोणालाच विचारत नाहीत."

"मग एकतर्फीच की."

मॅनेजरनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मोठ्याने हसले. सबंध शोरूममधली माणसे वळून पाहू लागली. "बरं, झालं एकतर्फी," ते म्हणाले. "आता दुसरी बाजू मांडा. आज मला वेळ आहे."

अशी सुनावणी मी तहसिलीतही क्वचित पाहिली आहे. या सर्व वेळात आक्का आमच्यात नव्हती. ती समोर उभ्या असलेल्या पांढऱ्या मोटारीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली होती. सीट पुढे घेतली, आरसा हलवला, पायाने क्लच दाबून पाहिला. त्या मुलीने तिला उतरवले नाही. काचेतून मला तिचे तोंड दिसत होते. ती आमच्याकडे पाहत नव्हती, बंद काचेच्या पलीकडे रस्ता असल्यासारखी पुढे पाहत होती.

दुसरा मुद्दा हँडलिंग चार्जेस. कंपनीतून गाडी आणणे, धुणे, जागा देणे, असे मॅनेजर म्हणाले. मी विचारले, "किराणा दुकानदार गुळाची ढेप आणतो. ती आणल्याचं भाडं तो गुळाच्या भावात धरतो का गिऱ्हाइकाकडून वेगळं मागतो?" मॅनेजरनी मुलीकडे पाहिले, मुलीने खाली पाहिले, आणि सात हजारांवर पेनाची रेघ ओढली गेली.

तिसरा मुद्दा 'एसेन्शियल किट'. त्यात सीटकव्हर, पायपुसणी, अत्तराची बाटली, मडफ्लॅप आणि डॅशबोर्डवर चिकटवायची देवाची मूर्ती होती. आमची दोन्ही घरे लिंगायतांची. दाजींनी छातीवर हात ठेवला, जिथे सदऱ्याच्या आत त्यांचे इष्टलिंग असते, आणि आदबीने म्हणाले, "आमचा देव आमच्या गळ्यात हाय साहेब. त्याला वेगळी सीट लागत न्हाई." मॅनेजरनी स्वतःच रेघ ओढली. बारा हजारांचे किट गेले.

चौथा मुद्दा विमा. तो बाहेरून काढायची मोकळीक आहे का, असे मी विचारले. मोकळीक आहे, असे मुलीने हळू आवाजात सांगितले. मग मॅनेजर म्हणाले, "बाहेर कशाला जाता, बाहेरच्याच दरात इथे करून देतो." नऊ हजार उतरले. पाचवा मुद्दा फास्टॅगचा होता. तो नियमाने लागतो हे त्यांनी कागद दाखवून सिद्ध केले आणि मी तो सोडून दिला. सगळेच मुद्दे धरून बसणारा अर्जदार हटवादी ठरतो.

सहाव्या मुद्द्यात मी ग्राहकास लागू असलेल्या सर्व सवलतींची यादी मागितली होती. मॅनेजरनी संगणकावर पाहिले. नोकरदारांसाठी एक होती, जुनी गाडी देणाऱ्यांसाठी एक होती, आणि एक शेतकऱ्यांसाठी होती.

"ही आधी का नाही सांगितली?" मी विचारले.

"तिला सातबारा लागतो, काका," मुलगी म्हणाली. "गिऱ्हाईक परत जाऊन आणतो म्हणतात आणि येत नाहीत."

मी पिशवी उघडली. चालू वर्षाचा सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, पॅनची प्रत, प्रत्येकी चार. सर्व कागद पिन लावून, क्रमाने. मॅनेजर ते चाळत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे नोकरीला येता का?" मी सांगितले की शासनाला माझी गरज आहे. आणखी पाच हजार उतरले.

आता बेरीज सात लाख आठ हजारांवर आली होती. मला जय दिसू लागला. मी उभा राहिलो आणि सातवा मुद्दा स्वतःच वाचून दाखवला, कारण त्यातली वाक्ये बसून वाचण्यासारखी नव्हती. 'आवडनिवड', 'भुर्दंड', 'लुबाडणूक', 'तीव्र निषेध'. शेवटचा शब्द काचेवर आपटून परत आला.

मुलगी चाचरत म्हणाली, "काका, ते चॉईस नंबरचं... ते आम्ही नाही टाकलं. ते यांनीच सांगितलं होतं." आणि तिने बोट दाजींकडे केले.

दाजी चहाच्या रिकाम्या पेल्यात पाहत होते.

"दाजी?"

"आमच्या ट्रॅक्टरचा जो नंबर हाय ना," दाजी म्हणाले, "त्योच मोटारीला पायजे म्हणलो होतो. दोन्ही दारात उभ्या ऱ्हायल्या की शोभा दिसती."

"मग सही करताना सांगायचं होतं! मी तुमचाच निषेध केलाय अर्जात."

"मी कुठं वाचलाय अर्ज? तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणून केली सही."

मॅनेजर आता खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होते. माझ्या आयुष्यात अर्जदाराने अर्जदाराविरुद्ध हरकत घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो माझ्या लेखणीतून घडला. परंतु हसण्यासारखी स्थिती नव्हती. मॅनेजरनी सरळच सांगितले, "माझ्या हातात होतं ते सगळं दिलं. आता वर कंपनीचं आणि सरकारचं. नंबर सोडला तर गाडी सातात बसते. नंबर ठेवला तर बसत नाही."

दाजींना ते रुचले नाही. त्यांचे तोंड उतरले, मग आवळले. "नंबराचं मी गावात सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "अन् सातच्या वर जायचं न्हाई हे बी सांगून ठेवलंय. दोन्ही शब्द माझेच. राहू द्या मग. ट्रॉली घेऊ." आणि ते उठले.

मोटारीचे दार उघडल्याचा आवाज झाला. आक्का उतरून आमच्याकडे आली होती. तिने ऐकले होते की नुसते तोंडाकडे पाहून ओळखले होते, मला माहीत नाही. तिने कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून लायसन काढले आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवले.

"साहेब, हे तुमच्याकडं असू द्या," ती म्हणाली. "मला ह्याचं काय काम? ट्रॉलीला लायसन लागत न्हाई."

"असं कामून करायलीस?" दाजी म्हणाले.

"मग कसं करू? तुमचा शब्द सातचा, तुमचा शब्द नंबराचा. माझा शब्द कुणी इचारलाय? माझी लेक तिकडं सणाला ताट वाढून वाट बघती अन् मी इकडं म्हशीखाली बसून फोनवर बोलती. नंबर बघून म्हैस पान्हवती का?"

मी माझा अर्ज पाहत होतो. अर्जदार क्रमांक एक म्हणून दाजींचे नाव होते, क्रमांक दोन म्हणून कोणाचेही नव्हते. ज्या माणसाला मोटार चालवायची होती त्याचे नाव सबंध दोन पानांत मी एकदाही लिहिले नव्हते. मी पेन काढले, समासात बाण केला आणि आक्काचे नाव घातले. पंचवीस-तीस वर्षांत एखाद्या अर्जावर खाडाखोड करून तो तसाच पुढे ठेवल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी ठेवला.

दाजींनी लायसन उचलले. त्यावरचा फोटो पाहिला. फोटोत आक्का फार रागावलेली दिसते, लायसनवर सगळेच तसे दिसतात. ते त्यांनी तिच्या पिशवीत परत घातले, आणि मग कोणाकडे न पाहता मुलीला विचारले, "फुकट जो नंबर येतोय, तो कुणाच्या मनावर असतोय?"

"कॉम्प्युटर देतो, काका. पुढचा जो असेल तो."

"म्हणजे कुणी मागितलेला न्हाई?"

"नाही."

"मग गावात सांगता येईल," दाजी म्हणाले, "आरटीओनं आपण होऊन दिला."

सहा लाख नव्याण्णव हजार पाचशे. मॅनेजरनी आकडा लिहून दाजींपुढे सरकवला. दाजींनी तो तीन वेळा वाचला, आणि उरलेले पाचशे आक्काच्या हातावर ठेवून म्हणाले, "पेढे आण. सात म्हणलो म्हणजे सात. शब्द पुरा झाला पायजे."

गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी तिच्यावर लाल मखमल टाकली होती. दाजींनी ती ओढायची, असे ठरले होते. त्यांनी एक टोक आक्काच्या हातात दिले. मॅनेजरनी नारळ दिला आणि मला बाजूला घेऊन विचारले की तो अर्ज भिंतीवर लावला तर चालेल का. मी परवानगी दिली, फक्त सातवा मुद्दा झाकून ठेवण्याच्या अटीवर.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळची धार काढून, आम्ही राणीसावरगावला निघालो. आक्का चालवत होती, दाजी शेजारी, मी मागे भाजीच्या आणि ज्वारीच्या पिठाच्या पिशव्यांत. दाजी दर गतिरोधकाला "हळू, हळू" म्हणत होते. ताडकळसला आक्काने गाडी थांबवली आणि सांगितले, "तुमी मागं बसा, भाऊ पुढं येईल." दाजी मागे पिशव्यांत गेले आणि मी पुढे आलो. गंगेच्या पुलावर, गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात, तिने काच खाली केली आणि केसांतले फूल बाहेर टाकले. पालमला चहा घेतला. चहावाल्याने दाजींना विचारले, "बाई ड्रायव्हर ठेवल्यात का?" दाजी म्हणाले, "तिनंच मला ठेवलंय."

लेकीला फोन केलेला नव्हता. दारात गाडी थांबली तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली. आधी तिने शेजारच्या सीटवर पाहिले, तेथे मी होतो. मग मागे वाकून पाहिले, तेथे तिचे वडील होते. आई कुठेच दिसेना तशी तिचा चेहरा पडला. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले.

"आई! तू चालवत आलीस?"

"सर बाजूला, पिशव्या उतरव. मला दोनला निघायचंय."

"आली न्हाईस तोवर निघायच्या गोष्टी!"

"म्हणून तर येता आलं, बाई. पुढच्या सोमवारी बी येणार हाय."

लेकीच्या सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "विहीणबाई, आता तुमचं बरंय. आमाला बी कधी गंगाखेडच्या बाजारला न्या." आक्काने त्यांना जेवणाआधीच गावातून एक फेरी मारून आणली. त्यांची आणि तिची त्याआधी फारशी मैत्री नव्हती.

दोन वाजता निघालो. परतीला दाजी पुन्हा पुढे होते, मी मागे; लेक वेशीपर्यंत सोडायला म्हणून माझ्या जागी बसली, मी पिशव्यांसारखा कडेला झालो. वेस आली, ती उतरेना. "फाट्यावर उतरते," म्हणाली. फाटा आला, आक्काने गाडीचा वेग कमी केला, पण थांबवली नाही, आणि लेकीनेही थांबव म्हटले नाही. दोघींचे इकडचे-तिकडचे बोलणे चालूच होते, कोणाच्या वांग्यावर कीड पडली, कोणाच्या सुनेला दिवस गेले. दोन-तीन किलोमीटर झाल्यावर दाजी म्हणाले, "अगं, लेकीला सासरहून पळवून न्यायलीस का?"

आक्काने गाडी कडेला घेतली, नीट वळवली, आणि लेकीला तिच्या दारात परत नेऊन सोडले. तेथे पुन्हा निरोप झाला, पुन्हा पाणी झाले, सासूबाईंनी पुन्हा हळदीकुंकू लावले. त्या दिवशी आम्ही राणीसावरगावातून दोनदा निघालो, आणि तरी संध्याकाळच्या धारेला घरी होतो.